यकृतात गाठ दिसली : पहिल्या सोनोग्राफीपासून निर्णयापर्यंतचा क्रम

सोनोग्राफी बहुतेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेली असते. ॲसिडिटी, मूतखड्याची शंका, नाहीतर नोकरीआधीची तपासणी. रिपोर्टच्या शेवटी मात्र एक ओळ येते : यकृतात अमुक सेंटिमीटरची गाठ. इथून धावपळ सुरू होते. कोणी म्हणतं सुईची तपासणी उरकून टाका, कोणी पेट स्कॅन सुचवतं, कोणी परस्पर ‘कॅन्सरचं रक्त’ तपासून येतं. यातली प्रत्येक तपासणी आपापल्या जागी ठीक आहे. चुकतो तो क्रम. क्रम चुकला की पुढचा स्कॅन धड वाचता येत नाही, आणि कधीकधी एखादा चांगला उपचार कायमचा हातचा जातो.

गाठीत घातलेली सुई आणि पित्तनलिकेत (यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत) बसवलेला स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, या दोन गोष्टी एकदा झाल्या की झाल्या. खालचे टप्पे मुख्यतः या दोन्हींना योग्य वेळेपर्यंत थोपवून धरण्यासाठी आहेत. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. कागदपत्रं, तयारी आणि योग्य वेळी योग्य प्रश्न एवढं रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असतं.

थांबा : ही लक्षणं असतील तर पुढचं वाचण्याआधी हॉस्पिटल गाठा

- पोटात अचानक जोराचं दुखणं आणि सोबत घाम, चक्कर किंवा शुद्ध हरपणं. गाठ फुटून आत रक्तस्राव झालेला असू शकतो.
- कावीळ आणि थंडी वाजून ताप. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला की काही तासांत प्रकृती ढासळते.
- रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचाला होणं.
- गुंगी, बरळणं, दिवस-रात्रीचं भान सुटणं.

## टप्पा १ : रिपोर्टमधली ती ओळ नीट वाचा

समजा, रिपोर्टमध्ये असं लिहिलंय : ‘सेगमेंट ६ मध्ये २.३ × १.९ सेंमीची, स्पष्ट कडांची हायपरएकोइक लीजन. यकृत आकाराने व पोताने नॉर्मल. पित्तनलिका फुगलेल्या नाहीत.’

‘लीजन’ म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा भाग, बस. कॅन्सर असा त्याचा अर्थ होत नाही. ‘एसओएल’ हा शब्दही तसाच. जागा व्यापणारं काहीतरी, इतकंच तो सांगतो. ‘सेगमेंट ६’ हा पत्ता आहे. यकृताचे आठ भाग मानतात. २, ३, ४ डावीकडचे, ५ ते ८ उजवीकडचे आणि १ मागच्या बाजूला. ‘हायपरएकोइक’ म्हणजे पडद्यावर जास्त पांढरी दिसणारी. निरोगी यकृतात अशी पांढरी, स्पष्ट कडांची छोटी गाठ बहुतेक वेळा हेमँजिओमा निघते. हेमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता. यकृतातली ही सर्वांत जास्त आढळणारी सौम्य गाठ. यकृतात चरबी जास्त असेल तर मात्र यकृतच पांढरं दिसतं आणि तीच गाठ त्यावर काळपट उठून दिसते. म्हणून नुसत्या रंगावरून निष्कर्ष काढू नये.

या ओळीत गाठीइतकीच महत्त्वाची माहिती पुढच्या दोन वाक्यांत आहे, आणि लोक ती वाचतच नाहीत. यकृताचा पोत आणि पित्तनलिकांची रुंदी, यांवरूनच पुढचा रस्ता ठरतो.

‘सिस्ट’ किंवा ‘अनएकोइक’ असं लिहिलं असेल तर आत पाणी आहे. पातळ भिंतीची, आत पडदे नसलेली साधी सिस्ट सोडून द्यावी. आत पडदे, जाड भिंत, कॅल्शियम किंवा पिल्लू-सिस्ट दिसत असतील तर ती हायडॅटिड (परजीवी जंतामुळे होणारी सिस्ट) असू शकते किंवा म्युसिनस सिस्टिक ट्यूमर (चिकट द्रवाने भरलेली गाठ). हायडॅटिडमध्ये औषधाच्या संरक्षणाशिवाय सुई घातली तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते आणि परजीवी पोटभर पसरतात. म्युसिनस ट्यूमर बहुधा मध्यमवयीन स्त्रियांत दिसतो. तो नुसता रिकामा केला तर पुन्हा भरतो आणि पुढेमागे कॅन्सरमध्ये बदलू शकतो. तो पूर्णच काढावा लागतो.

ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी असतील तर यकृतातला गळू हीसुद्धा शक्यता आहे. सोनोग्राफीत तो गाठीसारखाच दिसतो.

तपासा : आधीच्या वर्षांतल्या सोनोग्राफीचे, सीटीचे रिपोर्ट घरात असतील तर आत्ताच शोधा. तीच गाठ तीन वर्षांपूर्वी तेवढीच होती, हा पुरावा कितीतरी नव्या तपासण्यांपेक्षा मोलाचा. पोटाच्या इतर आजारांच्या फायलीही चाळा. यकृताचा उल्लेख तिथे कुठेतरी सापडतोच.

## टप्पा २ : गाठीआधी यकृताची ओळख पटवा

एकच चित्र दोन माणसांत दोन वेगळे अर्थ सांगतं. तिशीतली निरोगी स्त्री आणि सिरॉसिस (चट्टे पडून यकृत कडक होणं) असलेला साठीतला माणूस यांच्या यकृतातल्या दोन सेंटिमीटरच्या गाठीला एकच नियम लावता येत नाही. सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असेल तर सोनोग्राफीतली प्रत्येक नवी घट्ट गाठ, दुसरं सिद्ध होईपर्यंत, यकृतपेशींच्या कॅन्सरसारखी म्हणजे एचसीसीसारखी हाताळतात.

सिरॉसिस कित्येकांना माहीतच नसतो. दारू, चरबीयुक्त यकृत, मधुमेह, हिपॅटायटिस बी किंवा सी, घरात कुणाला यकृताचा कॅन्सर, यांपैकी काही असेल तर एफआयबी-४ हा, यकृत किती कडक झालंय याचा अंदाज देणारा आकडा काढून पाहा. त्याला साधं रक्त पुरतं (एएसटी आणि एएलटी ही यकृताची एन्झाइम, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी) :

वय × एएसटी ÷ (प्लेटलेट हजारांत × एएलटीचं वर्गमूळ)

उदाहरण घेऊ. वय ५२, एएसटी ६८, एएलटी ४९, प्लेटलेट १ लाख १८ हजार. वर ५२ × ६८ = ३५३६. ४९ चं वर्गमूळ ७, म्हणून खाली ११८ × ७ = ८२६. उत्तर ४.२८. आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृत जास्त कडक झालेलं असण्याची शक्यता कमी. ६५ च्या पुढच्या वयात ही खालची रेषा २ धरतात. २.६७ च्या वर असेल तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) आणि यकृततज्ज्ञ दोन्ही लागतात. ताज्या काविळीत एएसटी-एएलटी हजारांत गेलेले असताना हा आकडा काढू नका, तो फसवतो.

सोनोग्राफीत वाढलेली प्लीहा, यकृताचा उंचसखल पृष्ठभाग, पोटात पाणी, दीड लाखाखालचे प्लेटलेट ही बाकीची चिन्हं.

इशारा : सिरॉसिसमध्ये १ सेंटिमीटरपेक्षा लहान ठिपका दिसला तर त्यामागे लगेच सीटी, एमआरआय, सुई अशी रांग लावू नका. एवढ्या लहान ठिपक्याचा पक्का अर्थ कुठलाच स्कॅन लावू शकत नाही. तीन-चार महिन्यांनी, शक्यतो त्याच ठिकाणी, पुन्हा सोनोग्राफी करायची. १ सेंटिमीटर किंवा मोठा असेल तर मात्र थांबायचं नाही.

## टप्पा ३ : रक्त कोणतं, आणि त्यावर विश्वास किती

एकाच वेळी रक्त देऊन मोकळं व्हा : सीबीसी, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) दोन्ही भागांसह, एएसटी, एएलटी, अल्कलाइन फॉस्फटेस, जीजीटी, अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), एचबीएसएजी, अँटी-एचबीसी, अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस बी आणि सी च्या चाचण्या) आणि एएफपी (एचसीसीत वाढू शकणारं प्रथिन). आयएनआर आणि क्रिएटिनिन लोक गाळतात. मग स्कॅनच्या दिवशी टेबलावरून उठून रक्त द्यायला जावं लागतं.

एएफपीचा गोंधळ सगळ्यांत मोठा. सुमारे एक तृतीयांश एचसीसीमध्ये एएफपी नॉर्मल असतो. ‘कॅन्सरचं रक्त चांगलं आलं’ म्हणून फाइल मिटणं ही नेहमीची चूक. उलट बाजूने गरोदरपणात, हिपॅटायटिस उसळल्यावर आणि अंडकोशाच्या किंवा बीजांडकोशाच्या काही गाठींत तो वाढतो. सिरॉसिस, ठरावीक चित्र आणि ४०० नॅनोग्रॅमच्या वरचा एएफपी हे तिन्ही एकत्र आले तर त्याला वजन आहे. एका आकड्यापेक्षा दोन-तीन महिन्यांत तो कुठे चाललाय ते जास्त सांगतं.

सीए १९-९ हा रक्तात मोजायचा आणखी एक पदार्थ पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये वाढतो, हे खरं. पण नलिका नुसती तुंबली, खड्याने तुंबली तरी तो शेकडोंत जातो. म्हणून कावीळ असताना आलेला आकडा कच्चा धरायचा आणि बिलिरुबिन उतरल्यावर पुन्हा मोजायचा. शिवाय काही लोकांच्या शरीरात रक्तगटाशी संबंधित कारणाने हा पदार्थ तयारच होत नाही. त्यांच्यात कॅन्सर असूनही तो शून्याजवळ राहतो.

आयएनआरबद्दल एक बारकावा. नलिका तुंबल्यामुळे आयएनआर वाढला असेल तर व्हिटॅमिन के च्या इंजेक्शननंतर दिवस-दोन दिवसांत तो उतरतो. यकृतच थकलं असेल तर फारसा हलत नाही. इंजेक्शन देऊन फेरमोजणी केली की आजार नलिकेत आहे की यकृतात, याचा अंदाज त्याच आकड्यावरून येतो.

## टप्पा ४ : योग्य स्कॅन, योग्य तयारी

बहुतेक प्रकरणं इथे बिघडतात. ‘पोटाचा सीटी, काँट्रास्टसह’ (काँट्रास्ट म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून टोचायचा द्रव) असं लिहून दिलं की अनेक ठिकाणी फक्त एका वेळेचं चित्र काढतात, इंजेक्शननंतर साधारण ७० सेकंदांचं. अपेंडिक्ससाठी ते पुरेसं आहे, यकृताच्या गाठीसाठी नाही. कारण गाठीची ओळख तिच्या रंगापेक्षा रंग येण्या-जाण्याच्या वेळेत दडलेली असते.

निरोगी यकृताला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून (आतड्याकडून यकृतात येणाऱ्या शिरेतून) मिळतं, तर एचसीसीसारख्या गाठी धमनीवर जगतात. म्हणून चिठ्ठीवर ‘ट्रायफेजिक लिव्हर’ किंवा ‘मल्टिफेज लिव्हर’ हेच शब्द हवेत, आणि चित्रं या वेळांना निघायला हवीत :

1. धमनी टप्पा, उशिराचा : साधारण ३५ ते ४० सेकंद
2. पोर्टल टप्पा : साधारण ७० सेकंद
3. विलंबित टप्पा : ३ ते ५ मिनिटं

तिसरा टप्पा गाळण्याकडे कल असतो. आणि पित्तनलिकेच्या गाठी, ज्यांच्यात तंतुमय ऊती जास्त असते, त्या नेमक्या याच टप्प्यात उजळतात.

सीटी की एमआरआय? सिरॉसिसमध्ये दोन्ही चालतात. निरोगी यकृतातल्या, सौम्य वाटणाऱ्या गाठीला एमआरआय सरस. पित्तनलिका फुगल्या असतील तर एमआरआयसोबत एमआरसीपी (पित्तनलिकांची एमआरआय चित्रं) हवीच. एफएनएच आणि ॲडेनोमा या यकृतपेशींच्या दोन सौम्य गाठींत फरक करायचा असेल तर यकृतपेशींत शिरणारं गॅडोक्सेटेट हे काँट्रास्ट मागावं. त्यात २० मिनिटांनंतरचं आणखी एक चित्र मिळतं. बिलिरुबिन बरंच वाढलेलं असेल तर यकृतपेशी ते नीट उचलत नाहीत आणि ते चित्र फिकं येतं, म्हणून हे रेडिओलॉजिस्टला आधीच सांगा.

तयारी

- सीटीला ४ ते ६ तास उपाशी. एमआरसीपीलाही तेवढंच, नाहीतर जठर आणि आतड्यातलं पाणी नलिकांवर चढतं. रोजची बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची.
- क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) सोबत ठेवा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर दोन्ही प्रकारच्या काँट्रास्टबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. मेटफॉर्मिनही अशाच वेळी स्कॅनच्या दिवशी बंद करून ४८ तासांनी, क्रिएटिनिन पाहून सुरू करतात. मूत्रपिंडं ठीक असतील तर सहसा बंद करावी लागत नाही.
- आधी कधी काँट्रास्टने पुरळ, धाप, सूज आली असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. स्टिरॉइडची तयारी आदल्या दिवसापासून लागते.
- एमआरआयला पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, सगळं सांगा.
- श्वास रोखण्याचा सराव घरी करा : श्वास सोडायचा आणि १५ ते २० सेकंद थांबायचं. पोटात पाणी असलेल्यांना हे जमत नाही आणि एमआरआय धूसर येतो. अशांना सीटी बरा.

इशारा : पेट स्कॅन (साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचून काढलेला) पहिला करू नका. सावकाश वाढणारा एचसीसी साखर फारशी खेचत नाही आणि पेटमध्ये लपून जातो. पेट लागतो तो नंतर, कॅन्सर इतरत्र पसरलाय का हे पाहायला.

तपासा : निघताना नुसती फिल्म घेऊ नका. सगळ्या टप्प्यांची मूळ चित्रं सीडीवर किंवा लिंकवर घ्या आणि घरी उघडून पाहा. दुसरं मत या चित्रांवर मिळतं. कागदी रिपोर्टवर मिळतं ते फक्त पहिल्या मताचं दुसरं वाचन.

## टप्पा ५ : स्कॅन काय बोलतो

हेमँजिओमा कसा भरतो ते पाहण्यासारखं असतं. धमनी टप्प्यात कडेला तुटक तुटक पांढरे ठिपके दिसतात, मधला भाग काळा. पोर्टल टप्प्यात ठिपके फुगून आत सरकतात. विलंबित चित्रात जवळजवळ पूर्ण गाठ पांढरी, शिरांतल्या रक्ताइतकीच. एमआरआयच्या टी-२ चित्रात ती दिव्यासारखी चमकते. हे सगळं जुळलं की निदान पक्कं, सुईची गरज नाही.

एफएनएच धमनी टप्प्यात एकदम आणि एकसारखी उजळते, नंतर यकृतात मिसळून जाते. मध्ये चट्टा असतो. गॅडोक्सेटेटच्या २० मिनिटांच्या चित्रात ती यकृताइतकीच किंवा जास्त पांढरी दिसते, कारण तिच्यात खऱ्या यकृतपेशी आहेत. ॲडेनोमा बहुधा तिथे काळा दिसतो.

एचसीसीची खूण उलटी. धमनी टप्प्यात गाठ उजळते, कडेपुरती नव्हे तर आतून, आणि पोर्टल किंवा विलंबित टप्प्यात यकृतापेक्षा काळी पडते. याला वॉशआउट म्हणतात. भोवती उजळणारं कवच असेल तर शंका आणखी घट्ट.

पित्तनलिकेचा यकृतातला कॅन्सर कडेने वलयासारखा उजळतो, मधला भाग सावकाश भरतो, वरचा यकृताचा पृष्ठभाग आत ओढला जातो आणि पलीकडच्या नलिका फुगतात. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या गाठी बहुधा अनेक असतात आणि त्यांनाही कडेचं वलय असतं. निरोगी यकृतात कॅन्सर निघाला तर तो इतरत्रून, मोठं आतडं, जठर, स्वादुपिंड, स्तन, फुप्फुस यांतून, आलेला असण्याची शक्यता यकृताच्या स्वतःच्या कॅन्सरपेक्षा जास्त असते.

रिपोर्टमध्ये ‘एलआर-३’, ‘एलआर-५’ अशी, गाठ एचसीसी असण्याची शक्यता सांगणारी श्रेणी दिसेल. एलआर-५ म्हणजे एचसीसी जवळजवळ निश्चित. ही पद्धत फक्त प्रौढांतल्या सिरॉसिस, जुनाट हिपॅटायटिस बी किंवा पूर्वी एचसीसी झालेल्यांसाठी आहे. निरोगी यकृताच्या रिपोर्टवर एलआर-४ छापलेलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवा आणि रेडिओलॉजिस्टला रुग्णाचा इतिहास कळवून रिपोर्ट पुन्हा वाचून घ्या. हा इतिहास त्याला कुणी दिलेलाच नसतो, अशी वेळ फार येते.

## टप्पा ६ : सौम्य ठरली, आता काय

हेमँजिओमा आणि एफएनएच : बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. गरोदरपण टाळायची गरज नाही, पथ्य नाही, गोळी नाही. हेमँजिओमा खूप मोठा असेल आणि खरोखरच त्याच्यामुळे दुखत असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार. त्याआधी दुखण्याची इतर कारणं तपासा, कारण दुखणं बहुधा पित्ताशयाचं किंवा जठराचं निघतं.

ॲडेनोमा वेगळा. तो फुटून रक्तस्राव होऊ शकतो आणि काही प्रकार कॅन्सरमध्ये बदलतात. गर्भनिरोधक गोळ्या, शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टिरॉइड आणि लठ्ठपणा ही त्यामागची कारणं. स्त्रियांत हार्मोनच्या गोळ्या बंद, वजन कमी आणि सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. तरीही ५ सेंटिमीटर किंवा मोठा राहिला किंवा वाढत गेला तर काढतात. पुरुषांमध्ये आकार कितीही असो, काढण्याकडेच कल असतो, कारण त्यांच्यात कॅन्सरचा धोका जास्त.

नेहमीची चूक : ‘सौम्य आहे’ एवढं ऐकून नाव न विचारता घरी येणं. कोणती सौम्य गाठ, हे कागदावर लिहून घ्या. ॲडेनोमाला एफएनएच समजून गोळ्या चालू ठेवल्या तर ते महागात पडतं.

## टप्पा ७ : सुई कधी, आणि कधी नाही

सुई घालण्याआधी विचारायचा प्रश्न एकच : उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच राहणार आहे का? राहणार असेल तर सुई नको.

सिरॉसिसमध्ये एलआर-५ गाठ असेल तर बायोप्सीशिवाय उपचार सुरू होतात. शस्त्रक्रियेने काढता येईल अशा गाठीतही बरेच सर्जन सुई टाळतात, कारण सुईच्या वाटेवर कॅन्सरपेशी रुजण्याचा धोका असतो; एचसीसीमध्ये तो साधारण २ ते ३ टक्के आहे. स्पष्ट हेमँजिओमा आणि हायडॅटिडला तर हात लावायचाच नाही. पित्तनलिकांच्या संगमावरच्या (उजवी आणि डावी नलिका मिळतात तिथल्या) गाठीला पोटातून सुई घातली तर प्रत्यारोपणाचा पर्याय बंद होऊ शकतो.

सुई लागते ती स्कॅन संदिग्ध असताना, निरोगी यकृतातल्या संशयास्पद गाठीत, दुसरीकडून आलेल्या कॅन्सरचं मूळ शोधताना आणि शस्त्रक्रिया शक्य नसताना औषध ठरवण्यासाठी.

ठरलंच तर :

1. आयएनआर साधारण १.५ च्या आसपास किंवा खाली आणि प्लेटलेट ५० हजारांवर आहेत ना, पाहा.
2. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी द्या. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात; पण हृदयात नुकताच स्टेंट बसला असेल तर हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.
3. एफएनएसी की कोअर बायोप्सी, विचारा. बारीक सुईने सुट्या पेशी मिळतात. यकृताच्या गाठीत ऊतीची रचना पाहावी लागते, म्हणून १६ किंवा १८ गेजची कोअर बायोप्सी हवी.
4. सुई थेट गाठीत न जाता थोड्या चांगल्या यकृतातून जावी, म्हणजे रक्तस्राव तिथेच दाबला जातो.
5. नंतर काही तास झोपून राहा. उजव्या खांद्यात थोडं दुखणं नेहमीचं आहे. नाडी वेगाने चालणं आणि घाम येणं नेहमीचं नाही.

तपासा : पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवा. पुढे जनुकीय चाचण्या त्याच ब्लॉकवर होतात.

## टप्पा ८ : कावीळ असेल तर रस्ता वेगळा

न दुखता चढत जाणारी कावीळ, अंगाला खाज, गडद लघवी आणि मातीच्या रंगाचं शौच : पित्त आतड्यात पोचत नाहीये. घाई होते ती इथे. बिलिरुबिन १५ झालंय, म्हणून त्याच संध्याकाळी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचणं) करून स्टेंट. दुसऱ्या दिवशी कावीळ उतरू लागते, सगळे खूश. मग एमआरआय होतो, आणि नलिका आक्रसलेल्या, भिंती सुजलेल्या, स्टेंटची सावली. गाठ कुठून कुठपर्यंत आहे ते आता सांगता येत नाही. शस्त्रक्रिया होणार की नाही हे नेमकं याच मोजमापावर ठरतं.

क्रम असा :

1. सोनोग्राफी : नलिका कुठपर्यंत फुगल्यात? फक्त यकृतातल्या फुगल्या असतील तर अडथळा संगमाजवळ; बाहेरची नलिका आणि पित्ताशयही फुगलं असेल तर खाली, स्वादुपिंडाजवळ.
2. स्टेंटच्या आधी एमआरआय, एमआरसीपी आणि मल्टिफेज सीटी. ताप नसेल तर दोन-तीन दिवस थांबल्याने सहसा बिघडत नाही.
3. यकृताच्या सर्जनला ही चित्रं दाखवा. संगमावरच्या गाठीत यकृताचा कोणता अर्धा भाग राहणार हे तो ठरवतो, आणि पित्त त्याच भागातून काढायचं असतं. जो भाग कापून टाकायचा आहे तिथे स्टेंट बसवून उपयोग शून्य.
4. मग गरज असेल तरच निचरा. ताप, खूप चढलेली कावीळ किंवा मोठं यकृत कापायचं असणं ही कारणं.

इशारा : शस्त्रक्रिया होणार नाही हे पक्कं ठरेपर्यंत आच्छादन नसलेला धातूचा स्टेंट नको. तो आतल्या ऊतीत रुततो आणि काढता येत नाही. प्लास्टिकचा स्टेंट काढता येतो, पण साधारण तीन महिन्यांत गाळाने बंद होतो. बसवल्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. सहा महिने विसरलेला स्टेंट आणि थंडी वाजून आलेला ताप ही जोडी इमर्जन्सीत नेहमी भेटते.

ईआरसीपीत ब्रशने काढलेल्या पेशी निगेटिव्ह आल्या म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. ही चाचणी बऱ्याच वेळा चुकते, कारण गाठीत पेशी कमी आणि तंतू जास्त. उलट प्रत्येक आकुंचन कॅन्सरही नसतं : आयजीजी-४ शी संबंधित सूज हुबेहूब तशीच दिसते आणि स्टिरॉइडने ओसरते. मोठ्या शस्त्रक्रियेआधी आयजीजी-४ ची रक्ततपासणी झाली आहे का, विचारा.

बाहेरून पिशवी लावली असेल तर ती कमरेच्या खाली ठेवा. रोजचं पित्त मिलिलिटरमध्ये आणि त्याचा रंग वहीत लिहा. एकदम बंद पडलं, रक्त आलं किंवा नळीच्या टाक्याची खूण पुढे सरकलेली दिसली तर त्याच दिवशी कळवा. रोज लिटरभर पित्त बाहेर जात असेल तर पाणी आणि क्षारही जातात. लघवी कमी होऊ लागली की तेही सांगा.

## टप्पा ९ : कॅन्सर ठरला, तर भेटीआधी हे जमवा

एचसीसीत उपचार गाठीच्या आकारावर ठरतो हा समज अर्धाच खरा. गाठी किती आणि पोर्टल शीर मोकळी आहे का, यकृत किती चालतंय, आणि माणूस दिवसभर किती हालचाल करतो, या तिन्हींवर तो ठरतो. यकृतासाठी चाइल्ड-प्यू गुण : बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम. ५-६ गुण ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी.

२-३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला मायक्रोवेव्ह किंवा आरएफने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) जाळणं उत्तम काम करतं. यकृत चांगलं, पोर्टल दाब वाढलेला नाही, गाठ एक : शस्त्रक्रिया. यकृत खराब पण एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत, आणि शिरांत शिरकाव नाही : प्रत्यारोपण. हे मिलान निकष म्हणून ओळखले जातात. अनेक गाठी पण शिरा मोकळ्या असतील तर धमनीतून औषध देऊन रक्तपुरवठा बंद करतात, म्हणजे टेस. शिरेत शिरकाव किंवा बाहेर पसरलेला आजार असेल तर इम्युनोथेरपी आणि इतर औषधं. अटेझोलिझुमॅबसोबत बेव्हासिझुमॅब द्यायचं असेल तर आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहायलाच हव्यात, कारण या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो.

पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये पूर्ण काढणं हाच बरं होण्याचा मुख्य मार्ग. कापल्यानंतर किती यकृत उरणार ते सीटीवर मोजतात : निरोगी यकृतात २० ते ३० टक्के पुरतं, सिरॉसिसमध्ये सुमारे ४० टक्के लागतं. कमी पडत असेल तर कापायच्या बाजूची पोर्टल शीर बंद करून उरणारा भाग वाढू देतात. त्याला काही आठवडे जातात. हा काळ वाया जातोय असं समजून कुठेतरी दुसरीकडे लगेच शस्त्रक्रिया करून घेऊ नका. काढता येत नसेल तर जेमसायटाबिन, सिस्प्लॅटिन आणि सोबत इम्युनोथेरपी. त्याच वेळी ऊतीवर एफजीएफआर-२ आणि आयडीएच-१ या जनुकांतल्या बदलांची चाचणी मागा, त्यांच्यावर नेमकी औषधं आहेत.

मोठ्या आतड्यातून यकृतात आलेल्या गाठींना ‘चौथी स्टेज’ म्हणून हात टेकू नका. निवडक रुग्णांत त्या काढता येतात. केमो सुरू होण्याआधी यकृताच्या सर्जनचं मत घ्या. केमोने गाठी दिसेनाशा झाल्या की नेमकं काय कापायचं ते शोधत बसावं लागतं.

तपासा : एचबीएसएजी किंवा अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर कुठल्याही केमो किंवा इम्युनोथेरपीआधी विषाणूविरोधी गोळी लागते का, ते लेखी ठरवून घ्या. ही गोळी राहून गेली की झोपलेला विषाणू जागा होऊन यकृत निकामी होऊ शकतं.

## टप्पा १० : उपचार चालू असताना आणि नंतर

टेस किंवा जाळण्याच्या उपचारानंतर चार-पाच दिवस ताप, मळमळ, दुखणं चालतं. आठवडा उलटूनही थंडी वाजत असेल तर गळू झालाय का ते पाहावं लागतं, विशेषतः नलिकेत स्टेंट असलेल्यांत. पहिला स्कॅन साधारण महिन्या-दीड महिन्याने. पुढे पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, तोही मल्टिफेजच.

सिरॉसिसमध्ये आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चारपेक्षा जास्त गोळ्या नाहीत. सर्दीच्या गोळीतही ते असतं, तेही मोजा. कॅन्सर किंवा सिरॉसिस आहे म्हणून प्रथिनं तोडू नका. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. रात्री झोपण्याआधी थोडं खाणं पोटात असावं, यकृत असं असताना लांबच्या उपासात शरीर स्वतःचे स्नायू खातं. ‘लिव्हर साफ करणारी’ काढे-चूर्णं या काळात बंदच ठेवा, नाहीतर एएसटी-एएलटी वाढल्यावर औषधामुळे वाढले की काढ्यामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही आणि चालू उपचार थांबवावा लागतो.